हाडांच्या चित्रांतील काळे डाग



आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहें तो वस्तुतः डॉक्टरांचा आहे. मी प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेला एक शिक्षक. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलेलें नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं हा विषय आपण होऊन माझ्या घरीं आला, आणि एका कागदावरील दोन ओळींचा अर्थ नीट न कळल्यामुळें आमच्या घरांत तीन दिवस कोणाच्या घशाखालीं घांस उतरला नाहीं. त्यानंतर मीं पुष्कळांना विचारलें, मिळालें तें वाचलें, आणि जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हकीगत सांगतों. चौसष्टाव्या वर्षीं मला लघवीचा त्रास सुरू झाला आणि तपासणी होतां होतां प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचें निघालें. हा रोग मूळ जागा सोडून बाहेर पडला तर बहुधा हाडांत जाऊन बसतो. पाठीचा कणा, कंबरेचीं हाडें आणि बरगड्या या त्याच्या आवडीच्या जागा. तेव्हां उपचार ठरविण्यापूर्वीं हाडें पाहिलीं पाहिजेत असें डॉक्टरांनीं सांगितलें व बोन स्कॅन नांवाची तपासणी लिहून दिली. शहरांत जाऊन ती केली. शनिवारीं सायंकाळीं लखोटा हातांत पडला. डॉक्टरांची भेट मंगळवारीं होती.

तोंपर्यंत लखोटा न फोडतां ठेवावा एवढा संयम आमच्या घरांत कोणाजवळ नव्हता, माझ्याजवळहि नव्हता. आंत एक चित्र होतें. समोरून एक आणि पाठीमागून एक असे माझेच दोन सांगाडे, उजव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर तीन काळेभोर ठिपके, आणि कंबरेच्या एका मणक्यावर एक फिकट डाग. सोबतच्या इंग्रजी कागदावर या जागीं औषध अधिक प्रमाणांत सांचलें असल्याचें लिहिलें होतें. जांवईबापू शिकलेले आहेत. त्यांनीं मोबाईलवर शोधून सांगितलें कीं, अशा जागेस ‘हॉट स्पॉट’ म्हणतात आणि कर्करोग हाडांत पसरला म्हणजे असे डाग दिसतात. त्यांनीं वाचलें तें खोटें नव्हतें, अर्धें होतें. सौभाग्यवतींनीं नाशिकास माझ्या धाकट्या बहिणीला निरोप धाडला, आणि मी कपाटांतून विम्याचे कागद काढून चाळूं लागलों.

आतां हा डाग म्हणजे काय, तें पाहूं. क्ष-किरणांचें चित्र आपणां सर्वांस परिचित आहे. १८९५ सालीं राँटगेन यांनीं ते किरण शोधून काढले. त्यांत किरण बाहेरून येतात, शरीरांतून पार जातात, आणि हाडाची सांवली पलीकडे पडते. बोन स्कॅनची रीत अगदीं उलट आहे. येथें दिवा शरीराच्या आंत असतो. शिरेंतून एक औषध देतात. तें रक्तांतून हाडांपर्यंत जातें आणि तेथून किरण बाहेर सोडतें. बाहेरचा कॅमेरा तेवढे किरण टिपून घेतो. जेथें औषध पुष्कळ सांचलें तेथून किरण पुष्कळ येतात, आणि चित्रांत ती जागा काळी उमटते. ‘हॉट’ हें नुसतें म्हणावयाचें. त्या जागेला हात लावून पाहिल्यास ती इतर अंगाइतकीच कोमट लागते. आमच्या घरीं मात्र त्या रात्रीं माझ्या बरगडीवर हात ठेवून ‘फार गरम आहे का हो?’ असें विचारणें झालें.

या विद्येचें मूळ जॉर्ज हेवेशी नांवाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाच्या कल्पनेंत आहे. १९११ च्या सुमारास तो इंग्लंडांत मँचेस्टर येथें रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत असे व एका बाईंच्या घरीं पैसे देऊन राहत-जेवत असे. रविवारचें उरलेलें मांस बाई पुढें आठवडाभर निराळ्या रूपांत पानांत वाढतात असा त्याला संशय होता. बाईंचें म्हणणें, मी रोज ताजें शिजवितें. एके दिवशीं त्यानें ताटांत उरलेल्या अन्नांत किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश मिसळून ठेविला. पुढें कांहीं दिवसांनीं पानांत आलेला पदार्थ त्यानें विद्युद्दर्शक यंत्रानें तपासला, आणि बाईंचें बिंग फुटलें. ही गोष्ट हेवेशी स्वतःच सांगत असे. गुराखी गाईच्या गळ्यांत घंटा बांधतो; गाय रानांत दिसेनाशी झाली तरी ती कोठें चरत आहे हें घंटेवरून कळतें. हेवेशीनें अणूच्या गळ्यांत घंटा बांधली, एवढेंच. १९२३ सालीं त्यानें किरणोत्सर्गी शिशाच्या साह्यानें घेवड्याच्या जातीच्या रोपांत तें मुळांतून वर कसें चढतें हें दाखविलें. या कल्पनेबद्दल रसायनशास्त्राचें १९४३ चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें.

त्याचा १९३५ चा प्रयोग आपल्या विषयास अधिक जवळचा आहे. कोपनहेगन येथें चीविट्झ नांवाच्या सहकाऱ्यासह त्यानें उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस दिला आणि तो कोठें जातो हें पाहिलें. पुष्कळसा हाडांत गेला, आणि कांहीं काळानें तेथून हळूहळू बाहेरहि पडूं लागला. म्हणजे हाड हा एकदां बांधून टाकलेला दगडी खांब नव्हे. त्यांतील जुनें द्रव्य रात्रंदिवस निघून जात असतें आणि नवें येऊन बसत असतें. चाळीस वर्षें मीं मुलांना ‘सांगाडा हा शरीराचा आधार’ असें शिकविलें. हा आधार सतत मोडला व बांधला जात आहे, हें शिकविण्याचें राहून गेलें.

आज हाडांच्या तपासणीस जें औषध देतात त्याचे दोन भाग असतात. एक भाग फॉस्फरसयुक्त द्रव्याचा. त्याला नव्या हाडाची ओढ असते, आणि जेथें खनिजाचे ताजे कण बसत असतील तेथें तो जाऊन चिकटतो. दुसरा भाग म्हणजे घंटा. ती टेक्निशियम या धातूची असते. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत ४३ व्या क्रमांकाचें घर फार दिवस रिकामें होतें. १९३७ सालीं इटलींत पालेर्मो येथें पेरिये आणि सेग्रे या दोघांनीं, अमेरिकेंतील बर्कली येथील यंत्रांत किरणांचा मारा खाल्लेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यांतून तें मूलद्रव्य वेगळें केलें. मनुष्यानें प्रथमच कृत्रिम रीतीनें घडविलेलें मूलद्रव्य म्हणून कृत्रिम या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव ठेवलें गेलें.

या टेक्निशियमची जी जात वापरतात तिचें अर्धायुष्य सहा तासांचें आहे. हिशेब सोपा आहे, तिसरी-चौथीच्या मुलालाहि येईल. सहा तासांनीं निम्मी, बारा तासांनीं चतकोर, चोवीस तासांनीं सोळावा हिस्सा, आणि दोन दिवसांनीं दोनशें छप्पन्नावा. शिवाय औषधाचा मोठा भाग लघवीवाटे निघून जातो तो वेगळाच. म्हणूनच सुई टोचल्यावर भरपूर पाणी पिण्यास आणि वरचेवर लघवीस जाण्यास सांगतात. मला दोन-तीन तास बाकावर बसवून ठेवलें होतें तें केवळ दिरंगाईमुळें, असा माझा समज होता आणि मीं तो बोलूनहि दाखविला. तो माझा अन्याय होता. औषध हाडांत बसावें आणि रक्तांतील उरलेलें निघून जावें, एवढ्यासाठींच ती वाट पाहावयाची असते.

सहा तासांत निम्मी होणारी वस्तु दूरदूरच्या रुग्णालयांत पोंचते कशी, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटली. पोंचवितात ती टेक्निशियम नव्हे, तिची आई. मॉलिब्डेनमची एक किरणोत्सर्गी जात अणुभट्टींत तयार होते. तिचें अर्धायुष्य पावणेतीन दिवसांचें. तिच्यापासून टेक्निशियम आपोआप जन्मत राहतें. शिशाच्या वेष्टणांत एक लहान नळी असते, तींत मॉलिब्डेनम घट्ट बसविलेलें असतें. रोज सकाळीं तींतून मिठाचें पाणी सोडावें. आई जागीं राहते आणि लेक पाण्याबरोबर बाहेर येते. दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच. इंग्रजी मुलखांतले लोक या उपकरणाला थट्टेनें गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणें! अमेरिकेंतील ब्रूकहेव्हन येथील प्रयोगशाळेंत १९५० नंतरच्या दशकांत ही युक्ति निघाली. किरण टिपणारा कॅमेरा त्याच सुमारास बर्कली येथें हाल अँगर यांनीं तयार केला, आणि हाडांस चिकटणाऱ्या फॉस्फरसच्या द्रव्याशीं टेक्निशियमची गांठ घालण्याचें काम १९७१ सालीं सुब्रह्मण्यम् आणि मॅकॅफी यांनीं केलें. आपल्याकडे तुर्भ्यास ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टांत सुरू झाली, आणि मुंबईस परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालीं निघालें. आज ही तपासणी अनेक शहरांत होते.

किरणोत्सर्ग म्हटला कीं लोक दचकतात. मीहि दचकलों होतों. टोचलेल्या औषधांतील टेक्निशियमचें वजन एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनहि पुष्कळच कमी असतें, आणि तपासणींतून अंगास लागणारा किरणोत्सर्ग साधारणतः दोन वर्षांत माती, हवा, आकाश यांतून आपणांस असाच मिळतो तेवढा असतो. गरोदर स्त्रियांस व अंगावर पाजणाऱ्या मातांस मात्र याविषयीं आधीं सांगणें अवश्य आहे, आणि त्या दिवशीं लहान मुलांस मांडीवर घेऊन बसूं नये. असो.

आतां मुख्य प्रश्न. काळा डाग दिसला, म्हणजे काय समजावयाचें? रस्त्यानें जातांना एखाद्या घरापुढें वाळूचा आणि विटांचा ढीग दिसतो. आंत गवंडीकाम चाललें आहे, एवढें त्यावरून नक्की. पण जुनी भिंत कोसळली म्हणून, कीं नवी खोली काढावयाची म्हणून, कीं कोणी परकाच दुसऱ्याच्या आवारांत घुसून बांधकाम करीत आहे म्हणून, हें ढीग सांगत नाहीं. हाडांच्या चित्रांतील डाग हा तो ढीग आहे. तेथें रक्त अधिक येत आहे आणि हाड नव्यानें बनत आहे, इतकेंच तो सांगतो. कर्करोगानें हाडांत ठाणें दिलें तर भोंवतालचें हाड डागडुजीस लागतें आणि डाग उमटतो. हाड मोडून सांधत असेल तरी डाग उमटतो. गुडघा संधिवातानें झिजला, हाडांत पू झाला, दाढ काढल्यावर जबड्याची खांच भरूं लागली, तरीहि डागच. वाढत्या मुलांच्या गुडघ्यांशीं तर दोन्ही बाजूंस काळेभोर पट्टे दिसतात, कारण तेथेंच त्यांची उंची तयार होत असते. निरोगी माणसाच्या चित्रांतहि मूत्रपिंडें आणि मूत्राशय काळे दिसतात, कारण औषध त्या वाटेनें बाहेर पडतें. कपड्यावर लघवीचा थेंब सांडला तर त्याचाहि ठिपका येतो, आणि सुई जेथें टोचली तेथेंहि येतो!

मग अशा तपासणीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत हाडाची हानि दिसण्यास त्यांतील खनिजाचा सुमारें ३० ते ५० टक्के भाग नाहींसा व्हावा लागतो. बोन स्कॅनमध्यें ती जागा पुष्कळ वेळां कित्येक आठवडे, कधीं महिनेहि आधीं दिसते, आणि नखशिखांत सांगाडा एकदम पाहतां येतो. कोठें पाहावें हें तो उत्तम सांगतो. काय आहे हें विचारण्यास दुसरीकडे जावें लागतें. आणि त्यांतलें पहिलें ठिकाण म्हणजे रुग्णाचें तोंड.

मंगळवारीं आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं चित्र उजेडावर धरलें, कांहीं वेळ पाहिलें आणि मला विचारलें, ‘गुरुजी, अलीकडे कोठें पडलां होतां काय?’ मी म्हणालों, ‘नाहीं.’ तोंच सौभाग्यवती मागून म्हणाल्या, ‘अहो, असें काय सांगतां? कौलें शाकारतांना शिडीवरून घसरलां तें?’

तें मी साफ विसरलों होतों. विसरलों होतों म्हणण्यापेक्षां, तें आजारांत मोडतें असें मला वाटलेंच नव्हतें. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारतांना शिडी सरकली आणि उजवी कूस हौदाच्या कांठावर आपटली. पंधरा-वीस दिवस दुखलें, तेल चोळलें, शेक घेतला, विषय संपला. तपासणीच्या दिवशीं सुई टोचण्यापूर्वीं तेथील मुलीनें मला स्पष्ट विचारलें होतें, ‘आजोबा, कधीं पडझड झाली होती का? हाड मोडलें होतें का?’ मीं मान हलवून ‘नाहीं’ म्हटलें, आणि तिनें तें लिहून घेतलें. आमच्या घरांतील तीन दिवसांचा शोक त्या एका ‘नाहीं’ मधून निघाला होता. त्याचा दोष दुसऱ्या कोणाकडे जात नाहीं.

डॉक्टरांनीं मग चित्रावर बोट ठेवून दाखविलें. तिन्ही ठिपके लागोपाठच्या बरगड्यांवर, एकाखालीं एक, ओळंबा लावावा तसे सरळ रेषेंत होते. बाहेरून बसलेला मार शेजारशेजारच्या बरगड्यांवर असा एका रेषेंत खुणा ठेवतो. कर्करोग बी विखुरल्यासारखा कोठेंहि पडतो आणि बरगडींत शिरला तर बहुधा तिच्या लांबीला धरून पसरतो. तरी त्यांनीं तेवढ्यावर भिस्त ठेविली नाहीं. बरगड्यांचा सी. टी. स्कॅन करविला, त्यांत सांधत आलेल्या मोडीच्या रेषा दिसल्या. मणक्याची एम्. आर्. आय्. केली, तो डाग वयोमानाच्या झिजेचा असावा असें ठरलें, पण वर्षानें पुन्हा पाहावयाचें असें त्यांनीं कागदावर लिहिलें.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून आपणांस बरें वाटलें असेल. परंतु ती येथें सोडण्याची मला भीति वाटते. त्याचें कारण सांगतों. ही हकीगत मीं गांवांत पुष्कळांना मोठ्या हौसेनें सांगितली. आमचे एक जुने सहकारी शिक्षक, त्यांनाहि तोच रोग. त्यांच्या चित्रांत कण्यावर डाग निघाले तेव्हां ते म्हणाले, ‘तुमच्यासारखेंच असणार, मीहि गेल्या वर्षीं सायकलवरून पडलों होतों.’ आणि पुढच्या तपासणीस दोन महिने गेलेच नाहींत. त्यांचे डाग रोगाचेच होते. ते आज उपचार घेत आहेत, भेटतात, माझ्यावर त्यांचा राग नाहीं. पण माझ्या तोंडची अर्धी गोष्ट त्यांनीं घेतली, जशी जांवईबापूंनीं मोबाईलवरची अर्धी घेतली होती. आणि त्यांना अर्धी देणारा मी होतों. आजच्या या भाषणाचें खरें निमित्त तेंच आहे.

डाग फसवितो तसा डागाचा अभावहि फसवितो. रोग सर्व हाडांत सारखा पसरला तर औषध सगळ्या सांगाड्यांत सारखेंच शोषलें जातें. वेगळा ठिपका एकहि दिसत नाहीं आणि चित्र अगदीं स्वच्छ, रेखीव दिसतें. जाणता डॉक्टर अशा वेळीं मूत्रपिंडें शोधतो. तीं चित्रांत जवळजवळ नाहींशीं झालेलीं असतात, कारण त्यांच्या वाट्यास औषध उरलेलेंच नसतें. रक्तगोलकांच्या पेशींचा मायलोमा नांवाचा एक कर्करोग आहे. तो हाड पोखरतो पण डागडुजी होऊं देत नाहीं, म्हणून त्याच्या जागा या तपासणींत पुष्कळदां दिसतच नाहींत. याच्या उलट, उपचार लागूं पडल्यावर पहिले कांहीं महिने डाग अधिकच गडद होतात असेंहि घडतें, कारण हाड भरून येत असतें. अशा वेळीं घरची माणसें चित्र पाहून रडतात आणि डॉक्टर समाधानानें मान हलवितात.

हाडें सोडून दुसऱ्या अवयवाकडे वळलें तर अर्थच पालटतो. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत गांठ असली तर तिनें औषध अधिक घेतलें, म्हणजे ती ‘हॉट’ निघाली, तर बहुधा ती कर्करोगाची नसते. काळजीनें तपासावी लागते ती औषध न घेणारी, थंड गांठ, आणि तींतल्याहि बहुतेक निरुपद्रवीच निघतात. पेट स्कॅन नांवाच्या तपासणींत साखरेसारख्या द्रव्यास घंटा बांधतात. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणानें खातात म्हणून त्या उठून दिसतात. पण मेंदूहि साखरच खातो, म्हणून शहाण्याचा आणि वेड्याचा दोघांचाहि मेंदू तेथें काळाभोर. आणि क्षयाची गांठहि तशीच उठून दिसते, ही गोष्ट आपल्या देशांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रुग्ण थंडीनें कुडकुडत असेल तर ऊब निर्माण करणारी मानेजवळची चरबीसुद्धां साखर ओढून घेते आणि डाग उमटवते, म्हणून त्याला आधीं उबदार खोलींत बसवितात.

म्हणून लखोटा घरीं फोडलात तर फोडा. मी कोणत्या तोंडानें नको म्हणूं? पण फोडल्यावर एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहून काढा: कोठें कधीं पडलों, कोणतें हाड कधीं मोडलें, दांत कधीं काढला, कोणती शस्त्रक्रिया झाली, अंगांत धातूची पट्टी किंवा खिळा आहे कीं काय, पूर्वीं क्षय झाला होता काय, कोठें दुखतें आणि रात्रीं निजलें असतां दुखतें कीं नाहीं. घरांतल्या माणसांना विचारून लिहा, कारण आपण विसरतों. जुनीं चित्रें असतील तर तींहि बरोबर न्या. नवें चित्र जुन्याशेजारीं ठेवून पाहण्यांतच अर्धें वाचन होतें.

गेल्या वर्षीं माझी तपासणी पुन्हा झाली. मधल्या काळांत प्रोस्टेटवर किरणांचे उपचार झाले होते. या वेळीं सुई टोचणाऱ्या मुलीनें विचारण्यापूर्वींच मीं शिडीची हकीगत सांगितली, तारखेसह. लखोटा शनिवारींच हातांत आला आणि तो मीं त्याच दिवशीं फोडला. दोन बरगड्यांवरचे ठिपके गेले होते, तिसऱ्यावर धुरकट खूण उरली होती. मणक्यावरचा डाग होता तसाच होता. वाढलाहि नव्हता, कमीहि झाला नव्हता. डॉक्टरांनीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं लावून बराच वेळ पाहिलीं, आणि पुढची तारीख लिहून दिली.